पुरुषांची छाती वाढते तेव्हा: चरबी की ग्रंथी, गोळी की ऑपरेशन

छाती दाबून धरणारे बनियन, मालिशची तेलं आणि ‘विनाऑपरेशन खात्रीशीर उपाय’ची पत्रकं बाजारात भरपूर आहेत. त्यातलं काहीही घेण्याआधी एक गोष्ट ठरवा: वाढलंय ते नक्की काय? चरबी की स्तनग्रंथी? उपचाराची वाट इथेच फुटते. चरबी वजनाबरोबर उतरते. ग्रंथी तशी उतरत नाही. ती ताजी असेल तर आपोआप किंवा गोळीने आकसू शकते, जुनी होऊन घट्ट बसली असेल तर कापूनच काढावी लागते. या ग्रंथीच्या वाढीला डॉक्टर गायनेकोमास्टिया म्हणतात आणि जिममधली पोरं नुसतं ‘गायनो’ म्हणतात. शरीरातल्या टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन या संप्रेरकांचा तोल इस्ट्रोजेनच्या बाजूला झुकला की ती वाढते. इस्ट्रोजेन पुरुषांच्या शरीरातही थोडं असतंच.

हाताने कसं ओळखायचं

उताणे झोपा. एक हात डोक्याखाली घ्या आणि त्याच बाजूची छाती दुसऱ्या हाताने तपासा. अंगठा आणि तर्जनी स्तनाग्राच्या दोन बाजूंना, चार-पाच सेंटिमीटर लांब ठेवून हलकेच एकमेकांकडे आणत जा. ग्रंथी असेल तर बोटं स्तनाग्रापर्यंत पोचायच्या आतच अडतात. स्तनाग्राच्या बरोबर खाली रबरासारखी, थोडी टणक, हलवली तर हलणारी चकती लागते. नुसती चरबी असेल तर वाटेत काहीच लागत नाही, बोटं थेट स्तनाग्राशी भेटतात. उभं राहून आरशात बघून हा निर्णय होत नाही, कारण उभं राहिल्यावर दोन्ही सारखंच लोंबतं. बऱ्याच जणांत दोन्ही एकत्र असतं, तेही याच तपासणीत कळतं.

चकती लागली तर तिची रुंदी साध्या पट्टीने मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा. सोबत दोन गोष्टी लिहा: पहिल्यांदा कधी लक्षात आलं, आणि दाबल्यावर किंवा शर्ट घासल्यावर दुखतं का. दुखणं म्हणजे ग्रंथी अजून वाढीच्या अवस्थेत आहे. साधारण वर्षभराने दुखणं थांबतं, आतली ग्रंथी तंतुमय होते, आणि मग तिच्यावर गोळ्यांचा फारसा परिणाम होत नाही. म्हणून ही तारीख डॉक्टरांना चकतीच्या आकाराइतकीच महत्त्वाची असते. ‘बरेच दिवस झाले’ हे उत्तर त्यांच्या काही कामाचं नाही.

आता ज्या खुणांसाठी थांबायचं नाही त्या: गाठ दगडासारखी कडक आहे, स्तनाग्राच्या खाली नसून एका बाजूला आहे, कातडीला किंवा खालच्या स्नायूला चिकटली आहे, स्तनाग्र आत ओढलं गेलंय, त्यातून रक्त येतंय, वरच्या कातडीवर जखम आहे किंवा काखेत गाठ लागते. पुरुषांनाही स्तनाचा कर्करोग होतो. स्तनाच्या एकूण कर्करोगांत त्याचं प्रमाण एक टक्क्याहून कमी आहे, पण ‘पुरुषाला कुठे होतो’ या समजुतीमुळे तो उशिरा सापडतो. पन्नाशीनंतर एकाच बाजूची नवी गाठ आली तर मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी, आणि गरज पडली तर सुईने तुकडा काढून तपासणी, एवढं त्याच आठवड्यात मार्गी लावा. घरात आई, बहीण, आत्या यांना स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल तर ते न विचारताच डॉक्टरांना सांगा.

कारण कुठे शोधायचं

पहिला शोध वयाचा. वयात येणाऱ्या निम्म्याहून अधिक मुलांत थोडीफार ग्रंथी वाढते, तेरा-चौदाव्या वर्षी ती सर्वांत जास्त दिसते आणि बहुतेकांची सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप बसते. अशा मुलाचे वृषण वयाच्या मानाने वाढलेले असतील, इतर तब्येत चांगली असेल आणि चकती चार सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर रक्ताच्या तपासण्यांचा पसारा मांडायची गरज नसते. दर तीन ते सहा महिन्यांनी मोजायचं, बस्स. उलट नऊ-दहा वर्षांच्या आत, वयात येण्याची दुसरी कुठलीच खूण नसताना स्तन वाढले, किंवा उंच मुलाचे वृषण लहान आणि टणक राहिले, तर बालरोगतज्ज्ञ किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्ट (संप्रेरकांचा डॉक्टर) गाठायलाच हवा. उंच अंगकाठी आणि लहान वृषण यामागे क्लाइनफेल्टर हा गुणसूत्रांतला फरक असू शकतो. त्यात एक्स गुणसूत्र एक जास्त असतं, आणि अशा पुरुषांत स्तनाच्या कर्करोगाची जोखीमही इतरांपेक्षा जास्त असते.

तान्ह्या बाळाची छातीही फुगते. आईच्या संप्रेरकांमुळे मुलगा असो वा मुलगी, दोघांतही हे होतं, कधी दुधासारखा थेंबही येतो. तेल लावणाऱ्या बाईला बाळाची छाती पिळू देऊ नका. पिळल्याने जंतुसंसर्ग होतो, गळू होतं. काही आठवड्यांत ते आपलं आपण जातं.

मोठ्या माणसात दुसरा शोध औषधांच्या डब्याचा. सुरू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, नुसती नावं सांगू नका. हृदयाच्या आणि यकृताच्या रुग्णांना दिली जाणारी स्पायरोनोलॅक्टोन यात सगळ्यांत आधी आठवते: हृदयविकाराच्या १९९९च्या प्रसिद्ध अभ्यासात रोज सरासरी २५ मिलिग्रॅम घेणाऱ्या पुरुषांपैकी दहा टक्क्यांना छाती वाढणं किंवा दुखणं हा त्रास झाला होता, गोळी नसलेल्या गटात एक टक्क्याला. तिच्याऐवजी एप्लेरेनोन घेता येते का हे हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. केस गळतात म्हणून घेतलेली फिनास्टेराइड, प्रोस्टेटसाठीची ड्युटास्टेराइड, प्रोस्टेटच्या कर्करोगासाठीची बायकॅल्युटामाइड, मानसिक आजारासाठीची रिस्पेरिडोन, उलटीसाठी महिनोन्‌महिने घेतली जाणारी डोम्पेरिडोन किंवा मेटोक्लोप्रामाइड, बुरशीसाठीची केटोकोनाझोलची गोळी, पूर्वी आम्लपित्तासाठी सर्रास लिहिली जाणारी सिमेटिडीन, एचआयव्हीवरची एफाव्हिरेन्झ आणि टीबीवरची आयसोनियाझिड, ही या यादीतली ठळक नावं. यातली कुठलीही गोळी स्वतःहून बंद करायची नाही. टीबीची किंवा हृदयाची गोळी सोडल्याने होणारं नुकसान छातीच्या फुगवट्यापेक्षा कितीतरी मोठं आहे. डॉक्टरांनी बदलून दिली आणि वाढ ताजी असेल तर महिनाभरात दुखणं कमी होतं. आकार बसतो का ते तीन महिने बघायचं.

तिसरा शोध जिमचा आणि तालमीचा, आणि इथे खरं बोललं जात नाही. सातारा-सांगलीच्या पट्ट्यात कुस्तीची परंपरा आहे, आणि आता गल्लोगल्ली जिमही आहेत. तिथे ‘पावडरसोबत एक इंजेक्शन घे’ असा सल्ला फुकट मिळतो. टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन आणि ‘डायना’ची (डायनाबोल या स्टेरॉइडची) गोळी यांतला काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि कोर्स थांबला की स्वतःचं टेस्टोस्टेरॉन महिनोन्‌महिने खाली राहतं. दोन्ही टप्प्यांवर ग्रंथी वाढते. त्यासोबत वृषण लहान होतात आणि शुक्रजंतू घटतात, हे इंजेक्शन देणारा सांगत नाही. साध्या प्रोटीन पावडरने छाती वाढत नाही. पण डब्यात लेबलवर नसलेलं काही मिसळलेलं असू शकतं, म्हणून बिलाशिवाय विकला जाणारा डबा बंद करा. काय, किती आणि कधी टोचलं हे डॉक्टरांना सांगितल्याशिवाय ऑपरेशनही करून घेऊ नका, कारण स्टेरॉइड चालू राहिलं तर काढलेल्या जागी उरलेली ग्रंथी पुन्हा वाढते आणि खर्च वाया जातो.

ब्रॉयलर कोंबडी, सोयाबीनची भाजी, दूध यांवर खापर फोडायची पद्धत आहे. रोजच्या खाण्यातल्या प्रमाणाने असं होतं याला आधार नाही. दारूचं मात्र खरं आहे: रोज पिणाऱ्याचं यकृत खराब होतं, वृषणांवरही परिणाम होतो, आणि छातीबरोबर पोटही फुगतं. यकृताच्या या आजाराशिवाय (सिरोसिस) थायरॉइड जास्त चालणं, डायालिसिसवरचा किडनीचा आजार, मोठेपणी झालेल्या गालगुंडानंतर वृषणांना आलेली सूज, कुष्ठरोगाचा वृषणांवर झालेला परिणाम आणि वृषणाची गाठ ही बाकीची कारणं.

म्हणून छाती तपासताना वृषण तपासल्याशिवाय डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर येऊ नका. संकोचामुळे नेमकं हेच राहतं. घरी करायचं तर गरम पाण्याच्या आंघोळीनंतर, कातडी सैल असताना, एकेक वृषण अंगठा आणि दोन बोटांत हळू फिरवून बघा. मागच्या बाजूला लागणारी मऊ वळी नैसर्गिक असते. वृषणातच कडक खडा लागला किंवा एक बाजू जड वाटली तर दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी करा.

रक्त कधी आणि कसं द्यायचं

प्रौढ माणसात नवी, दुखरी किंवा कारण न सापडलेली वाढ असेल तर सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान रक्त द्या, कारण टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं आणि संध्याकाळचा आकडा फसवतो. त्याच नमुन्यात एलएच आणि एफएसएच (वृषणांना चालना देणारी संप्रेरकं), इस्ट्राडायोल (मुख्य इस्ट्रोजेन), प्रोलॅक्टिन, बीटा-एचसीजी (वृषणाच्या काही गाठींत वाढणारं संप्रेरक), थायरॉइडसाठी टीएसएच, लिव्हर फंक्शन आणि क्रिएटिनिन होतं. टेस्टोस्टेरॉन कमी आलं तर एकाच आकड्यावर निदान करायचं नाही, दुसऱ्या सकाळी पुन्हा द्यायचं. केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर दोन-तीन दिवस आधी थांबवा, कारण त्या संप्रेरकांच्या काही चाचण्यांचे आकडे चुकवतात. बीटा-एचसीजी किंवा इस्ट्राडायोल वाढलेलं आलं तर वृषणांची सोनोग्राफी आधी, बाकी सगळं नंतर.

कुठे जायचं? सांगली-मिरज हे दवाखान्यांचं जुनं केंद्र आहे. मिरजेचं वानलेस हॉस्पिटल १८९४ मध्ये सुरू झालं. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सांगलीचं वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, कराडचं कृष्णा रुग्णालय, साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय, यांच्या सर्जरीच्या ओपीडीत केसपेपर काढून सुरुवात करता येते. कर्करोगाची शंका आली तर मिरजेत सिद्धिविनायक गणपती कॅन्सर हॉस्पिटल आहे. ओपीडीत ‘छातीत गाठ आहे’ एवढंच सांगितलं तरी चालतं, रांगेत सगळं उलगडायची गरज नाही. मुलगा लाजत असेल तर वडिलांनी तपासणीच्या वेळी बाहेर थांबावं. मुलं डॉक्टरांशी एकट्यात जास्त बोलतात.

थांबणं, वजन आणि गोळ्या

वयात येणाऱ्या मुलात आणि नुकतंच औषध बदललेल्या माणसात पहिला उपचार म्हणजे थांबणं. थांबणं म्हणजे दुर्लक्ष नव्हे, तर ठरल्या तारखेला मोजणं. या काळात मुलाला सैल, गडद रंगाचा शर्ट द्या, आणि पोहण्याच्या तासाला किंवा व्यायामशाळेत टोमणे बसत असतील तर शिक्षकांशी बोला. सतरा-अठराव्या वर्षीही चकती तशीच असेल तर ती आपोआप जाण्याची आशा फार कमी उरते.

चरबी असेल तर आठवड्याला अर्धा किलो या वेगाने वजन उतरवा. उसाच्या रसापासून चहातल्या साखरेपर्यंत प्यायचं गोड आधी बंद करा, ताटातली भाकरी नंतर मोजा. चरबीच्या पेशी टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करतात, त्यामुळे वजन उतरल्यावर ग्रंथीलाही मिळणारं खतपाणी कमी होतं. जोर आणि बेंचप्रेस मारून छाती बसेल ही समजूत मात्र सोडा. स्नायू ग्रंथीच्या खाली असतो. तो फुगला की वरची चकती आणखी पुढे येते.

गोळ्यांचा उपयोग दुखऱ्या, सहा महिने ते वर्षाच्या आतल्या ग्रंथीला होतो. सर्वांत जास्त वापरली जाते ती टॅमॉक्सिफेन: रोज १० ते २० मिलिग्रॅम, तीन महिने, फरक दिसत असेल तर सहा महिन्यांपर्यंत. ती ग्रंथीवरचे इस्ट्रोजेनचे दरवाजे अडवते. आधी दुखणं जातं, मग आकार घटतो, पण प्रत्येकाची चकती पूर्ण जातेच असं नाही. गायनेकोमास्टियासाठी हे तिचं अधिकृत मंजूर काम नाही, डॉक्टर आपल्या जबाबदारीवर लिहितात, म्हणून मेडिकलवाल्याकडून परस्पर घेऊ नका. पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात गुठळी होऊन गेलेल्या माणसाला ती द्यायची नसते. गोळी चालू असताना एका पोटरीला सूज आली, दुखलं किंवा अचानक धाप लागली तर थेट इमर्जन्सी गाठा. नैराश्यासाठी पॅरोक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन चालू असेल तर तेही सांगा, कारण त्यांनी टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी होतो.

अॅनास्ट्रोझोल ही गोळी शरीरात इस्ट्रोजेन तयार होणंच थांबवते, म्हणून कागदावर ती जास्त योग्य वाटते. प्रत्यक्षात वयात येणाऱ्या मुलांवरच्या अभ्यासात ती औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. जिममध्ये ‘स्टेरॉइडबरोबर ही घे’ म्हणून हीही मिळते. टेस्टोस्टेरॉन तपासणीत खरोखर कमी असेल तरच टेस्टोस्टेरॉन द्यायचं; नॉर्मल असताना दिलं तर त्यातूनच आणखी इस्ट्रोजेन होतं. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी बायकॅल्युटामाइड सुरू होणार असेल तर चित्र वेगळं आहे: तिथे छाती वाढण्याआधीच टॅमॉक्सिफेन किंवा छातीला थोडी किरणं देऊन वाढ रोखता येते. वाढून घट्ट बसल्यावर किरणांचा उपयोग नाही, म्हणून हे कर्करोगतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत विचारा. हळदीचा लेप, तेलाची मालिश, घट्ट पट्टा यांनी ग्रंथी आकसत नाही. पट्ट्याने फक्त शर्टाखाली कमी दिसतं, आणि सांगलीच्या उन्हाळ्यात घामोळं येतं.

ऑपरेशन: काय काढतात आणि कुठून

वर्षाहून जुनी ग्रंथी, अठरा पूर्ण, वजन सहा महिने स्थिर, कारण सापडलं असल्यास ते दूर झालेलं. एवढं जुळलं की ऑपरेशनचा विचार करायचा. यातलं वजन लोक सोडून देतात. ऑपरेशननंतर दहा किलो उतरले की कातडी सैल पडते आणि दुसरं ऑपरेशन मागे लागतं.

सर्जन सायमनच्या १९७३च्या श्रेणी वापरतात. पहिलीत छोटा फुगवटा, दुसरीत मध्यम (‘अ’मध्ये कातडी ताणलेली नाही, ‘ब’मध्ये थोडी जास्त), तिसरीत बाईच्या स्तनासारखी लोंबणारी छाती. पहिल्या आणि दुसऱ्या ‘अ’ श्रेणीत छोट्या चिरेतून काम होतं, कातडी आपली आपण आकसते. दुसऱ्या ‘ब’मध्ये बहुतेकदा आधी तेवढंच करून सहा महिने ते वर्षभर कातडी बसायची वाट बघतात, तरुण कातडी बरीच बसते. तिसरीत जास्तीची कातडी कापावी लागते, स्तनाग्र वर घ्यावं लागतं, आणि व्रण दिसणारच. हे आधी आरशासमोर उभं करून दाखवणारा सर्जन निवडा.

दुसऱ्या श्रेणीच्या माणसात सर्वसाधारण क्रम असा असतो. उभं करून पेनने खुणा करतात आणि फोटो घेतात. भूल पूर्ण किंवा जागेपुरती. मग छातीच्या बाजूच्या चार-पाच मिलिमीटरच्या छिद्रातून सलाईन भरतात. लिटरभर सलाईनमध्ये साधारण १ मिलिग्रॅम अॅड्रेनालिन आणि ५०० ते १००० मिलिग्रॅम लिग्नोकेन (जागा बधिर करणारं औषध) असतं. अॅड्रेनालिनने शिरा आकसायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, घाई केली तर रक्त जास्त जातं. या पद्धतीत लिग्नोकेनची वरची मर्यादा किलोला ३५ मिलिग्रॅम धरतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला २१०० मिलिग्रॅम. भूलतज्ज्ञ नसलेल्या खोलीत हा हिशेब चुकला तर झटके येतात, हृदयाची लय बिघडते. म्हणून ‘क्लिनिकमध्येच करून देतो’ म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न भूलतज्ज्ञाचा. त्यानंतर तीन-चार मिलिमीटरच्या नळीने चरबी ओढतात. नळीने चरबी निघते, टणक ग्रंथी निघत नाही. म्हणून स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या खालच्या कडेने दोन-तीन सेंटिमीटरची अर्धगोल चीर देऊन ग्रंथी कापून काढतात. ही चीर वेबस्टर यांनी १९४६ मध्ये मांडली. गडद आणि फिकट कातडीच्या सीमेवर ती लपते. दोन्ही बाजूंना मिळून तास-दीड तास लागतो.

सर्जनचं कसब एका जागी कळतं: स्तनाग्राच्या खाली अर्धा ते एक सेंटिमीटर ग्रंथीचा थर ठेवण्यात. सगळंच साफ केलं तर स्तनाग्र स्नायूला चिकटतं आणि तिथे बशीसारखा खड्डा पडतो, तो दुरुस्त करणं मूळ ऑपरेशनपेक्षा अवघड. जास्त ठेवलं तर शर्टातून टोक दिसत राहतं. जाहिरातीतल्या ‘लेझर’ला किंवा ‘बिनचिरेच्या’ पद्धतीला भुलू नका. चरबी सैल करायला यंत्राची मदत होते, ग्रंथीला कात्रीच लागते.

जायच्या आधी विचारायचे प्रश्न: सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी आहे का, त्यांचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय, सांगितलेल्या रकमेत भूल, औषधं, प्रेशर बनियन, पॅथॉलॉजीचा अहवाल आणि रक्त साकळल्यास पुन्हा थिएटरमध्ये न्यायचा खर्च धरलाय का. हे लेखी घ्या. काढलेला तुकडा पॅथॉलॉजीला पाठवलाच पाहिजे. विम्याचं म्हणाल तर आयआरडीएआय या विमा नियामकाच्या प्रमाणित वगळणुकींत (विमा ज्याचे पैसे देत नाही त्या गोष्टींत) कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी आठव्या कलमात आहे. अपघात, भाजणं, कर्करोग किंवा तब्येतीला थेट धोका असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र असेल तरच वाट उघडते. बहुतेक दावे इथे अडतात.

तारीख निवडताना थंडी सोयीची, महिना-दीड महिना घट्ट बनियन घालायचा असतो. द्राक्षबागायतदारांनी फळछाटणी आणि मंडपाखालची हात वर करून करायची कामं आधी उरकावीत किंवा माणसं लावून ठेवावीत. सैन्य किंवा पोलीस भरतीची तयारी असेल तर वैद्यकीय तपासणीत ठळक गायनेकोमास्टिया हे अपात्रतेचं कारण होऊ शकतं आणि ताजा व्रणही अडवतो. म्हणून भरतीच्या निदान चार-सहा महिने आधी करून घ्या आणि त्या वर्षीच्या जाहिरातीतले वैद्यकीय निकष वाचा. सिगारेट आणि तंबाखू चार आठवडे आधी बंद, नाहीतर स्तनाग्राचा रक्तपुरवठा कमी पडतो. अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ज्यांनी दिली त्यांनाच विचारून थांबवा.

घरी आल्यावर

सर्वांत जास्त होणारी लवकरची अडचण म्हणजे आत रक्त साकळणं, आणि ते बहुतेकदा पहिल्या चोवीस तासांत. एक बाजू अचानक दुसरीपेक्षा फुगली, टणक आणि खूप दुखरी झाली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी परत जायचं. म्हणून जत, आटपाडी, पाटण किंवा जावळी अशा लांबच्या तालुक्यांतून आलेल्यांनी पहिली रात्र सांगली-मिरजेत किंवा कराड-साताऱ्यातच काढावी. दीड-दोन तास लांब असणं त्या रात्री परवडत नाही.

ड्रेनची नळी ठेवली असेल तर बाटलीतलं पाणी रोज ठरल्या वेळी मोजून लिहा. चोवीस तासांत २५-३० मिलिलिटरच्या खाली आलं की सहसा काढतात. आंघोळ त्यानंतर, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर.

प्रेशर बनियन दोन घ्या, एक अंगात आणि एक वाळत. माप ऑपरेशनआधी स्तनाग्राच्या रेषेत टेप धरून घ्या. पहिले तीन-चार आठवडे आंघोळीचा वेळ सोडून दिवसरात्र, पुढचे दोन आठवडे दिवसा किंवा रात्री, जसं सर्जन सांगतील तसं. सैल पडला तर आत पाणी साचतं, ते सुईने काढावं लागतं. फार घट्ट असला तर खालच्या कडेने कातडीत चर पडतो, फोड येतात, श्वास अडतो. दोन बोटं कशीबशी आत जावीत इतका ताण पुरे. सुरकुती पडलेली राहू देऊ नका, रात्रभरात तिचा ठसा उमटतो.

पहिला आठवडा दोन उशा घेऊन उताणे झोपा, पोटावर नको. दोन आठवडे हात खांद्याच्या वर नाही, मोटरसायकल नाही. खुर्चीतलं काम चार-पाच दिवसांत जमतं. फवारणीचा पाठीवरचा पंप, उसाच्या मोळ्या, छातीचा व्यायाम सहा आठवड्यांनी. पंपाचे पट्टे नेमके टाक्यांवर घासतात. कुस्तीची पकड त्याहून उशिरा, सर्जनने तपासून सांगितल्यावरच. काळे-निळे डाग दोन-तीन आठवड्यांत जातात. स्तनाग्र बधिर राहणं काही महिने चालतं आणि क्वचित कायमचं राहतं. आत गाठीसारखं टणक लागतं ते भरून येणाऱ्या जखमेचं असतं, ते दोन-तीन महिन्यांत मऊ पडतं. त्या काळात ‘पुन्हा वाढलं’ म्हणून घाबरून डॉक्टर बदलू नका. ताप, पू, किंवा स्तनाग्र काळं पडू लागलं तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

छातीच्या मधल्या भागावर आणि खांद्यावर जाड व्रण होण्याची अनेकांच्या कातडीची प्रवृत्ती असते. आधी कुठे तसा व्रण झाला असेल तर ते ऑपरेशनआधीच सांगून ठेवा. टाके भरल्यावर, साधारण तिसऱ्या आठवड्यापासून, सिलिकॉन जेल दिवसातून दोनदा, दोन-तीन महिने लावा. व्रण उन्हापासून झाका.

दोन्ही बाजूंचा शेवटचा आकार तीन ते सहा महिन्यांनी दिसतो. थोडाफार फरक राहतोच, ऑपरेशनच्या आधीही छातीच्या दोन बाजू सारख्या नसतात. डोळ्यांत भरेल असा खड्डा किंवा उंचवटा राहिला तर दुरुस्ती सहा महिन्यांच्या आत करून घेऊ नका, सूज पूर्ण उतरायच्या आत केलेली दुरुस्ती पुन्हा चुकते. पॅथॉलॉजीचा अहवाल मागून घ्या, वाचून घ्या आणि डिस्चार्ज कार्डासोबत जपून ठेवा. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत तोच मागतात.